उद्या 251 रुपये जाणार आहेत

नगरच्या संसारांत भांडणं लावण्याचं काम सध्या रिझर्व्ह बँक करते. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून तिचा नियमच आहे की कार्डावरून किंवा यूपीआयवरून ठरावीक मुदतीनं आपोआप पैसे कापायचे असतील, तर कापण्याच्या निदान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं. म्हणजे ग्राहकाच्या मोबाईलवर कळवायचं. हा मोबाईल ग्राहकाच्या खिशात असतो, अशी मुंबईत बसलेल्या साहेबांची समजूत. आमच्या सावेडीत सकाळी साडेसातला ग्राहक अंघोळीला असतो आणि मोबाईल डायनिंग टेबलावर, मिक्सरशेजारच्या प्लगला. मेसेज येतो, स्क्रीन उजळते, आणि जिनं जन्मात नवऱ्याचा फोन हातात घेतला नाही तिलाही पोह्यांवर कोथिंबीर टाकता टाकता अक्षर न् अक्षर वाचता येतं. उद्या आपल्या खात्यातून 251 रुपये जाणार आहेत.

कुणाला जाणार आहेत, हेही खाली लिहिलेलं असतं आणि खरी मेख तिथेच आहे. आपण घेतो एका अ‍ॅपची सेवा, पैसे गोळा करते भलतीच कुठली तरी प्रायव्हेट लिमिटेड. त्यामुळे अ‍ॅप योगासनांचं असो, कीर्तनाचं असो, नाहीतर सरकारनं बंद पाडावं असलं असो, मेसेजमध्ये दिसतं ते अमुक-तमुक डिजिटल सोल्यूशन्स. नवरा नेमका कशात गुंतलाय हे त्यावरून कळत नाही. गुंतलाय, एवढंच कळतं.

2025 च्या जुलैत आमच्या कॉलनीत हा मेसेज ज्या टेबलावर उजळला ते घर सरांचं. सर मूळचे पारनेरकडचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. हा माणूस कशाला म्हणजे कशाला घाबरत नाही, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. केस कापायचे ते शनिवारीच, मुद्दाम. स्कूटर घेतली ती अमावस्येला, वर त्या दिवशी दुकानात काळं कुत्रं नसतं म्हणून पाचशे रुपये कमी करून घेतले. रस्त्यात उतारा दिसला की त्यातला नारळ घरी आणायचे. वहिनी त्याची चटणी करायला तयार नसत, एवढाच काय तो घरात वैचारिक मतभेद. 

असल्या माणसावर संशय घ्यायचा तरी कशाचा? वहिनींनी जो घेतात तोच घेतला.

"रिटायर्ड माणूस, रिकामा वेळ, घरात वायफाय," कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या. "ताई, आणखी काय लागतं?"

"सरळ विचारा ना त्यांना."

"विचारलं तर खरं सांगतील का?"

"मग नका विचारू."

"तेच म्हणते मी. आपणच बघायचं."

बघायचं म्हणजे 'तसलं' काही आहे का ते बघायचं. 'तसलं' म्हणजे काय हे आमच्याकडे उच्चारून सांगत नाहीत. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं अश्लीलतेपायी 18 ओटीटी बंद केले, आणि 2025 च्या जुलैत आणखी 25. पेपरांत नावं आली. लोकांनी ते बघू नये म्हणून बंदी. पण बातमी वाचेपर्यंत कॉलनीतल्या निम्म्या लोकांना असं काही असतं याचाच पत्ता नव्हता. उरलेल्या निम्म्यांनी नावं वाचताना जो कोरा चेहरा ठेवला होता, तो फार बोलका होता.

आमच्या वडिलांच्या पिढीला ही चैन स्वस्तात आणि वर्षातून एकदाच परवडायची. मधुकर पाटकरांनी 1951 साली 'आवाज' हा दिवाळी अंक काढला, आणि त्यातल्या खिडकीचित्रांनी महाराष्ट्रातल्या किती गाद्यांखाली मुक्काम केला असेल याची मोजदाद नाही. वरून भलतंच वाटायचं. खिडकी उघडावी तर आत काहीतरी अगदी सोवळं. चावटपणा चित्रकार करायचा नाही, तो बघणाऱ्याकडून करून घ्यायचा. त्या अंकाची एक सोय होती. तो पुढच्या महिन्यात आपण होऊन पुन्हा घरात येत नसे. आणि येणार असल्याचं आदल्या दिवशी आईला कळवत नसे.

वहिनींनी आधी आडून विचारून पाहिलं. "फोनवर आजकाल काय काय येतं हो?"

"आपोआप येतं," सर म्हणाले.

हे उत्तर त्या महिन्यात राज्यात गाजत होतं. विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचा डाव दिसला, त्याचा व्हिडिओ घरोघर पोचला, आणि आपण खेळत नव्हतो, आलेलं बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा खरा असेलही. पुढे त्यांचं खातं मात्र बदललं. पण त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या एकाही नवऱ्याला 'आपोआप आलं' असं म्हणायची सोय उरली नव्हती. सरांना हे सुचायला नको होतं. तेवढ्यावरून वहिनींची खात्री पटली.

फोनला कुलूप होतं. "कपाटाला लावत नाहीत, फोनला लावतात," हा वहिनींच्या लेखी दुसरा पुरावा. खरं तर बँकेचं अ‍ॅप कुलपाशिवाय उघडत नाही म्हणून त्यांच्या मुलानंच ते लावून दिलेलं. पण पुरावा म्हणून एखादी गोष्ट एकदा नोंदली गेली की तिला खुलासा चिकटत नाही. 

कुलूप अंगठ्याचं. आणि अंगठा, रात्री घोरत का होईना, घरातच असतो.

हा अंगठा साधासुधा नव्हे. निवृत्तीनंतर सर गावाकडची थोडी जमीन बघतात. कांद्याच्या लागणीत आणि काढणीत, खुरप्याच्या मुठीवर त्याच्या रेषा पार पुसल्या गेल्यात. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जातात तेव्हा यंत्र त्यांना जिवंत मानत नाही. तिथला मुलगा अंगठा पुसायला लावतो, चोळायला लावतो, दाबून धरायला लावतो, आणि शेवटी चेहऱ्याचा फोटो काढून एकदाचं त्यांना पुढच्या वर्षापर्यंत जिवंत ठेवतो. तर रात्री पावणेबाराला वहिनींनी तोच अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, पदरानं कोरडा केला आणि अलगद फोनवर टेकवला. फोन थरथरला. पुन्हा टेकवला. पुन्हा थरथरला. जरा दाबून धरला, तेव्हा सर झोपेतच म्हणाले, "साहेब, मागच्या वर्षीही असंच झालं होतं."

त्या रात्रीची मोहीम तिथे थांबली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या पेपरात सर्वोच्च न्यायालय वहिनींच्या मदतीला आलं. 14 जुलै 2025 ला न्या. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी निकाल दिला होता, की घटस्फोटाच्या दाव्यात नवरा-बायकोनं एकमेकांचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं पुरावा म्हणून चालू शकतं. वहिनींनी बातमी मोठ्यानं वाचली, सरांना ऐकू जाईल अशी.

"पुढचं वाच," सर म्हणाले. पुढे असं होतं, की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील तर तो संसार आधीच खिळखिळा झाल्याचं आणि विश्वास उरला नसल्याचं लक्षण आहे.

"पुढचं आतल्या पानावर आहे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटलं नाही.

सर मुख्याध्यापक होते, तारखांवर येणारच. "24 ऑगस्ट 2017. नऊ न्यायाधीश. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे."

"तो सरकारच्या विरुद्ध. मी काय सरकार आहे?"

"या घरात दुसरं कोण आहे?"

त्याच सुमारास छत्तीसगडच्या उच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की नवऱ्याला बायकोच्या मोबाईलचा किंवा बँकेचा पासवर्ड जबरदस्तीनं मागता येणार नाही. सरांनी तेही काढलं. वहिनींनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "बायकोचा मागता येत नाही असं म्हटलंय. नवऱ्याचा येत नाही असं कुठं म्हटलंय?" नगरच्या न्यायालयांतल्या कुठल्याही वकिलानं हे ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी येऊन सनद देऊन गेला असता.

दुसऱ्याचा पत्रव्यवहार वाचणं नगरला नवीन नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद आणि त्यांचे सहकारी भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले, तेव्हा त्यांची पत्रं सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. मौलाना आझादांनी मग पोचणारच नाहीत अशी पत्रं लिहायला सुरुवात केली. मित्राला उद्देशून लिहायची आणि स्वतःजवळ ठेवायची. सुटकेनंतर 1946 साली त्यांचंच 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. घरात सेन्सॉर बसला की माणूस बोलायचा थांबत नाही, तो दुसरीकडे बोलायला लागतो. आझादांनी वहीशी बोलणं केलं. सरांनी कुणाशी केलं होतं ते कळायला आणखी एक रात्र जावी लागली.

कारण अंगठा नाही चालला तर फोन आकडा मागतो. वहिनींनी लग्नाची तारीख टाकली, चुकली. मुलाचा वाढदिवस टाकला, चुकला. सरांच्या निवृत्तीची तारीख, चुकली. स्वतःचा वाढदिवस त्यांनी सगळ्यात शेवटी टाकला, कारण तो ह्यांना ठाऊक असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. फोन उघडला. 

"मग तर जास्तच तळपायाची आग मस्तकात गेली, ताई. लक्षात होता! इतकी वर्षं लक्षात होता आणि एकदासुद्धा साडी नाही!"

"ते राहू द्या. आत कोण निघाली?"

वहिनी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "शनी."

अ‍ॅपवर काळ्या शिळेचा फोटो, खाली पणत्या हलत होत्या, आणि दर शनिवारी यजमानाच्या नावानं तैलाभिषेक, महिन्याचे 251 रुपये. यजमान म्हणून नाव चिरंजीवांचं. रास मेष.

आता सगळं उलगडलं. 29 मार्च 2025 ला शनी मीन राशीत गेला आणि मेषेची साडेसाती सुरू झाली. चिरंजीव पुण्यात आयटीत. कंपनीत माणसं कमी करण्याचं चाललेलं, आणि स्थळं बघून बघून वधू-वर सूचक मंडळाच्या वहीतलं पान पिवळं पडलेलं. सरांनी आयुष्यभर ज्याला खगोलशास्त्रातला एक सुंदर कड्यांचा गोळा म्हणून वर्गात समजावून दिलं, त्या गोळ्याला ते रात्री जेवणानंतर गच्चीवर जाऊन तेलाचे पैसे भरत होते.

"बाई असती तर परवडलं असतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "चार जणींत सांगता तरी आलं असतं. ह्यांच्यापायी मी सोमवार सोडले. माझ्या आईला हे उपवासावरून काय काय बोलले! संकष्टीला मुद्दाम मटण आणायचे. आणि आता स्वतः..."

मला वाटतं, ह्या भानगडीतला खरा अपराध तो होता. नवऱ्यानं देव लपवला याचं काही नाही. बायकोचे देव काढून घेतले आणि स्वतःचा ठेवला, हे गंभीर आहे.

वहिनींनी अबोला धरला. जिल्ह्यात त्यालाही थोर परंपरा आहे. मेहेरबाबांनी अरणगावजवळ मेहेराबादला 10 जुलै 1925 रोजी मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्याला बरोबर शंभर वर्षं होत होती. वहिनींच्या अबोल्याचे दिवस त्या मानानं किरकोळ भरले, पण सर मला म्हणाले, "मेहेरबाबा निदान पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून सांगायचे. ही नुसती ताट आपटते."

अबोला सुटला तेव्हा सरांनी आपली बाजू मांडली. "माझा विश्वास नाहीच. मी विश्वास ठेवून दिलेले नाहीत. मी नुसते पैसे दिलेत."

"मग प्रत्यक्षच जायचं होतं की हो. शिंगणापूर काय लांब आहे? घोडेगाववरून वळलं की आलंच."

"तिथे निम्मे दुकानदार माझे विद्यार्थी आहेत."

हे मात्र पटण्यासारखं होतं. 251 रुपये तेलाचे नव्हतेच. ते कुणाला कळू नये याचे होते. तेल शिंगणापुरात त्याहून पुष्कळ स्वस्त मिळतं.

आणि ही गुप्तता सर कुणाच्या नावानं विकत घेत होते? ज्या गावात घरांना चौकटी आहेत आणि कवाडं नाहीत, त्या गावच्या देवाच्या. नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर बिनकुलपाचं गाव म्हणून जगभर माहीत आहे. चोरी करणाऱ्याला शनी बघून घेईल, ही श्रद्धा. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला फळी टेकवतात, ती फक्त कुत्र्यासाठी. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेनं तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. काचेचं दार, कुलूप दिसत नाही. बारकाईनं चौकशी केली तर कळतं, की दाराला रिमोटवर चालणारं चुंबकाचं कुलूप आहे, नजरेला पडत नाही एवढंच. भाविकाला कुलूप दिसू नये आणि ठेवीदाराला ते असल्याची खात्री असावी, अशी ही तोड. पुढे 2015 मध्ये तिथे पोलीस ठाणंही झालं. मला विचाराल तर त्या बँकेनं लग्न जमवणाऱ्यांचे वर्ग घ्यायला हरकत नाही.

तर त्या गावात चोर शिरला तो दारानं नाही. 2025 मध्येच उघड झालं, की शनिशिंगणापूर देवस्थानच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजा आणि अभिषेकाचे पैसे भाविकांकडून उकळले जात होते. सायबर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, जुलैच्या अधिवेशनात विधानसभेत त्यावर बोलणं झालं. चोरी करणाऱ्याची दृष्टी जाते, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. ह्यांनी चक्क शनीच्याच नावानं दुकान थाटलं. धाडसाला दाद द्यावी की काय असा क्षणभर प्रश्न पडतो.

सरांचं अ‍ॅप त्यातलं होतं का? हे कळायला तक्रार करायला हवी होती. आणि सरांची गोम तिथेच होती. तक्रार करायची म्हणजे नगरला सायबर पोलिसांकडे जायचं. समोर बसलेला हवालदार त्यांच्या हाताखालून गेलेला असण्याची शक्यता दाट. तो उठून खुर्ची देणार, चहा सांगणार, आणि मग कागदावरून मान वर करून दोनच शब्द म्हणणार. "सर, तुम्ही?"

त्या दोन शब्दांपुढे 251 रुपये म्हणजे काहीच नाही. सर पैसे भरत राहिले. बनावट अ‍ॅपची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती, कात्रण काढून ठेवलं होतं, आणि तरी पुढचा हप्ता जाऊ दिला. हप्ता थांबवायचा कसा हे मुलाला विचारावं, तर पूजा मुलाच्याच नावाची. बायकोला विचारावं, तर ती पोह्यांवर कोथिंबीर टाकत फोनकडे बघत होती.

मला ह्या सगळ्या प्रकरणात एवढंच सांगण्यासारखं वाटतं. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा धंदा माणसाच्या हौशीवर चालतो असं आपण समजतो. हौस पहिल्या महिन्यात संपते. पुढचे महिने चालतात ते लाजेवर. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला ग्राहकाला गंडवणाऱ्या 13 क्लृप्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली, त्यात एक सदस्यत्वाचा सापळाही आहे. आत यायला एक बटण, बाहेर पडायचं बटण शोधायला मेहुणा लागतो. पण त्या यादीत चौदावी क्लृप्ती घालायला हवी होती, ती म्हणजे ग्राहकाचं घर. जिथे संशय आधी बसलेला असतो, तिथे माणूस फसल्याचं सांगत नाही. तो गप्प बसतो आणि हप्ता चालू राहतो. संशय घेणाऱ्याला वाटतं आपण भानगड पकडतोय. प्रत्यक्षात तो भानगडीचा हप्ता भरायला मदत करत असतो.

असेच गप्प बसलेले, नेप्तीच्या कांदा बाजारातले एक आडते आहेत. क्रिकेटच्या अ‍ॅपवर संघ लावायचे. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते त्या वर्षी कांद्याच्या भावानंही दिलं नाही. बायकोला न सांगता सुटका झाली! संसदेनं त्यांच्यासाठी कायदा केला, ह्या भावनेनं ते अजून सद्गदित होतात.

सगळीच गुपितं लाजेची नसतात, हेही कबूल. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजींचं गुपित निव्वळ प्रतिष्ठेचं होतं. काही ओटीटीवर पैसे भरले की मराठी मालिकेचा भाग टीव्हीच्या आधीच बघायला मिळतो. आजींनी नातवाला पंचवीस रुपयांचं आमिष दाखवून ती सोय करून घेतली आणि दत्ताच्या देवळात संध्याकाळी बसून भविष्य सांगायला लागल्या. "उद्या बघ, ती सून घर सोडून जाईल." दुसऱ्या दिवशी सून जायची. बायका हात जोडायच्या. सुनेनं, म्हणजे आजींच्या खऱ्या सुनेनं, खात्यातून दर महिन्याला पैसे का जातात म्हणून चौकशी आरंभली, तेव्हा आजी पारनेरी ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या येळी मपलं-तुपलं नव्हतं. पैसं घरातच ऱ्हायलं ना?" पैसे घरात राहिले नव्हते, पण सुनेनं ते प्रकरण मिटवलं. अट एकच, तिला उद्याचा भाग आजच सांगायचा. आता देवळात दोघी भविष्य सांगतात.

सरांच्या घरी काय झालं ते सांगते. हप्ता वहिनींनी बंद केला, स्वतःच्या वाढदिवसाचा आकडा टाकून, सरांच्या देखत. मग त्यांनी जाहीर केलं की दर महिन्यातल्या एका शनिवारी त्या शिंगणापूरला जाणार, तेल घेऊन, उघडपणे. सर काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हुकमाचं पान टाकलं. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्या, म्हणून सरांनी वर्गात आणि वर्गाबाहेर वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता. 8 एप्रिल 2016 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, ती बंदी उठली तेव्हा सरांनी कॉलनीत पेढे वाटले होते. "तुम्हीच म्हणत होतात ना, बायकांना जाऊ द्या म्हणून? जाते." समतेच्या मुद्द्यावर सर निरुत्तर झाले. आता स्कूटरवर सोडायला जातात, वाहनतळावर थांबतात, आणि ओळखीचा कुणी भेटला तर सांगतात, "हिला घेऊन आलोय." चिरंजीवांचं लग्न अजून जमलेलं नाही. साडेसाती साडेसात वर्षांची असते, तेव्हा इतक्यात निष्कर्ष काढणं शास्त्रीय दृष्टीला धरून होणार नाही, असं सरांचं म्हणणं.

तुम्ही हे वाचताय, तर एक काम करा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनकडे बघण्याआधी स्वतःचा उघडा. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो. कुणाकुणाला आपोआप पैसे द्यायची परवानगी तुम्ही देऊन ठेवलीय ते तिथे दिसतं, आणि ती तिथूनच रद्दही करता येते. काही फसवणूक झाली असेल तर 1930 ला फोन करा, आणि लगेच करा. जितका लवकर कराल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. बायको झोपेपर्यंत थांबू नका. उलट तिला शेजारी बसवून करा. खातं कुठल्या शाखेत आहे आणि पैसे कुठल्या तारखेला गेले, हे विचारल्यावर तुम्हाला आठवणार नाही, तिला तोंडपाठ असतं.